फोनवरचा एक तास आणि आबांची फणी

१९ मार्च, बऱ्हाणपूर

घर सोडायच्या आधी ज्वारी भिजत घातली. बिबड्यांची. ज्यांनी बिबड्या खाल्ल्या नसतील त्यांच्यासाठी सांगते, हे ज्वारीचे जाड, खरपूस पापड. कांडलेली ज्वारी तीन दिवस पाण्यात ठेवायची, रोज पाणी बदलायचं, मग वाटून शिजवायची आणि ओल्या फडक्यावर थापायची. त्याहून जास्त राहिली की ज्वारी आंबते आणि घरभर वास सुटतो. म्हणूनच मुद्दाम निघायच्या दिवशी भिजवली. परतीचं तिकीट तिसऱ्या दिवसाचं होतं. तिकिटावर माझा फारसा भरवसा नव्हता, पण ज्वारीसाठी तरी मला परत यावंच लागणार होतं.

"रोज सकाळी पाणी बदला," मी ह्यांना बजावलं.

"अन् विसरलो तर?"

"तर वर्षभर बाजारचे पापड खा."

आम्ही बऱ्हाणपुरात बुधवाऱ्यात राहतो, ह्यांचं तिथेच ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं दुकान आहे. गल्ल्यावर मी बसते. मार्चमध्ये गिऱ्हाईक असतं, दोघांनी एकदम दुकान सोडणं शक्य नव्हतं. शिवाय जाऊन बघून यायचं काम माझ्याकडे असतं आणि तिथे जाऊन भुलायचं ह्यांच्याकडे, असं आमच्या घरात सगळ्यांनाच मान्य आहे. त्यामुळे मी एकटी निघाले.

बघायचं होतं ते हैदराबादचं एक घर. आमची अश्विनी तिथे औषधांच्या कंपनीत नोकरी करते. त्याच कंपनीतल्या निखिलशी तिला लग्न करायचं आहे. मुलगा मराठी, घर मराठी, मूळचे नांदेडकडचे, तीन पिढ्या हैदराबादेत. माझी हरकत नव्हती, ह्यांची तर कशालाच नसते. अडलं होतं ते आबांपाशी.

आबा म्हणजे माझे सासरे. दापोऱ्याला, जवळच्याच गावी राहतात, केळीत. वय झालं तरी रोज एकदा बागेतून फिरून येतात. अश्विनीची गोष्ट त्यांच्या कानावर घातली त्या दिवशी ह्यांनी मोठ्या हौसेने फोन काढला आणि त्याला बऱ्हाणपूर ते हैदराबाद विमानाचं अंतर विचारलं. फोनने सांगितलं, पाचशे किलोमीटरच्या आतबाहेर, उड्डाणाचा वेळ साधारण एक तास.

"आबा, एक तास!" हे म्हणाले. "खंडव्याला जायला याच्यापेक्षा जास्त लागतो."

"अन् ते विमान उडते कुठून?" आबांनी विचारलं. "आपल्या मंडीतून?"

ह्यांनी फोन खाली-वर केला. बऱ्हाणपुरातून प्रवासी विमान उडत नाही, हे फोनलाही ठाऊक होतं आणि मलाही. फोनने नकाशावर दोन टिंबं धरली होती आणि मधे दोरी ताणली होती. दोरीला रस्ता लागत नाही, गाडी लागत नाही, वाट बघावी लागत नाही.

आबा अंतर किलोमीटरने मोजत नाहीत, मालाने मोजतात. केळीवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगते. घड जितका लांब जायचा तितका तो आधी कापतात. जवळच्या बाजाराचा माल चांगला भरू देतात. दिल्लीचा माल कोवळा असतानाच उतरवतात, म्हणजे ट्रकमध्ये पिकून सडत नाही.

"जवळचा माल भरून कापता येते," आबा म्हणाले. "दिल्लीचा माल कच्चा तोडा लागते. लेकीचं बी तसंच आहे वं सुमन. लांब द्यायची म्हटलं की कच्ची तोडा लागते."

तोवर ह्यांनी लेकीला फोन लावून तो स्पीकरवर ठेवला होता. पलीकडून अश्विनी म्हणाली, "आबा, मैं अट्ठाईस की हूँ. मी काही कच्ची नाहीये."

"तू बोलू नको. तू पिकून गेली."

हसलो सगळे, पण आबा हसले नाहीत. त्यांच्या थोरल्या बहिणीला पार विदर्भाच्या टोकाला दिलं होतं. ती गेल्याची खबर दापोऱ्यात पोचली तेव्हा तिचं तेरावं होऊन गेलं होतं. ही गोष्ट आबा कधी सांगत नाहीत. अंतराचा विषय निघाला की नुसता आवाज चढवतात.

त्या रविवारी अश्विनीने मला फोन करून स्पष्ट सांगितलं. "मम्मी, मी लग्न करणार. आबा आले तर मांडवात, नाही आले तर कोर्टात. पण आबांशिवाय मला चांगलं नाही वाटणार, तू कुछ कर." आबांशिवायचं लग्न म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. दापोऱ्याचं दार कायमचं बंद झालं नसतं, पण मग आम्ही तिथे पाहुण्यांसारखे गेलो असतो.

शेवटी तोडगा आबांनीच काढला. निघायच्या आदल्या दिवशी ते बुधवाऱ्यात आले ते हातात केळ्यांची फणी घेऊन. झाडावर पिकलेली. पिवळीधमक, साल इतकी पातळ की बोट टेकवलं तर उमटेल. अशी केळी बाजारात दिसत नाहीत, कारण ती बाजारापर्यंत पोचतच नाहीत. फुटतात. ती घरात खायची, नाहीतर शेजारी द्यायची.

"हे घेऊन जा," आबा म्हणाले. "त्यांच्या घरी खाण्याजोगं पोचलं, तर लेक दे. मी मांडवात पुढं बशीन. नाही पोचलं तर मला विचारू नका."

"आबा, हे रावेरपर्यंत नाही पोचणार," हे म्हणाले.

"मंग हैदराबाद लांबच झालं ना?"

मला ही अट आवडली. निदान ती हातात धरता येत होती.

जळगाव

आम्हाला जवळचं विमान जळगावचं. ओळखीच्या रफिकभाईंची गाडी केली आणि उजाडता उजाडता निघालो. फणी केळीच्या वाळल्या पानांत ठेवली होती, वरून माझी जुनी सुती साडी, आणि हे सगळं एका कापडी पिशवीत. पिशवी मांडीवर. कपड्यांची बॅग आणि दराब्याचा डबा मागे. दराबा म्हणजे आमच्याकडचा रव्यासारखा भुसभुशीत गोड पदार्थ. त्याला काही होत नाही, म्हणून त्याच्याकडे मी लक्षही दिलं नाही.

रावेर येईपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच केळी. रफिकभाईंनी दोनदा आरशातून पिशवीकडे पाहिलं. तिसऱ्यांदा राहवलं नाही.

"भाभी, बच्चा है क्या गोद में?"

"केले हैं."

"रावेर से केले लेके जा रहे, समझ में आता. रावेर में केले लेके जा रहे?"

मी त्यांना अट सांगितली. त्यानंतर त्यांनी गाडी अशी चालवली की मागून येणारे ट्रॅक्टरसुद्धा आम्हाला हॉर्न देऊन पुढे गेले. भुसावळच्या अलीकडे एक खड्डा आला तेव्हा ते माझ्याआधी ओरडले, "केले संभालो!"

विमानतळ लहान आणि स्वच्छ. तपासणीला मुलगी होती. पिशवी यंत्रातून गेली आणि परत आली.

"काकू, उघडा. काय आहे?"

"केळी."

तिने साडी बाजूला करून वास घेतला. "झाडावरची आहेत?"

"हो."

"आमची फैजपूरला बाग आहे," ती म्हणाली आणि साडी होती तशी नीट गुंडाळून दिली. माझ्याहून नीट. तिथपर्यंत सगळं उत्तम चाललं होतं. मग कळलं, विमानच आलेलं नाही. ज्या गावाहून यायचं तिथूनच उशिरा निघणार होतं. किती उशिरा, ते कोणालाच सांगता येईना.

बसले. पोळी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. बाहेर ऊन चढत गेलं. केळ्यांचा वास पिशवीतून बाहेर यायला लागला आणि शेजारच्या खुर्च्यांवरची माणसं इकडेतिकडे बघायला लागली. एरवी हा वास मला चांगला वाटतो. त्या दिवशी मला तो घड्याळाच्या काट्यासारखा वाटत होता. दर वेळी पिशवीत हात घातला की एखादं केळं थोडं जास्त मऊ.

आबांचा फोन आला. "पोचली?"

"जळगावात आहे."

"अजून? एक तासाचं होतं ना?"

"आबा, विमान आलं नाही."

"आमचा ट्रक तरी वेळेवर येते," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आवाजात आनंद होता.

दुपार कलली तेव्हा विमान आलं. पंखेवालं, लहान. आत मांडीवर पिशवी ठेवू देत नाहीत. हवाई सुंदरीने ती वरच्या कप्प्यात ठेवायला हात पुढे केला, पण वर एका माणसाची चाकांची भलीमोठी बॅग आडवी पडलेली मला दिसत होती. मी पिशवी पुढच्या खुर्चीखाली सरकवली. शेजारी एक गृहस्थ येऊन बसले, पट्टा बांधला आणि विमान हलायच्या आत झोपले. झोपेत त्यांनी पाय लांब केले, ते नेमके पिशवीवर.

"अहो, पाय काढा. केळी आहेत."

ते दचकले. "केळी? विमानात?"

"नारळ आणू देत नाहीत."

त्यांनी पाय काढले, पण एका बुटाने काम केलं होतं. दोन केळ्यांचा चेंदा. उरलेल्या वाटेत मी ती दोन्ही केळी तिथेच बसून खाल्ली, म्हणजे बाकीच्यांना ओल लागू नये. एक त्या गृहस्थांना देणार होते, पण दिलं नाही.

वर गेल्यावर मात्र एक बघण्यासारखं दिसलं. खाली केळीच्या बागा अगदी चौकोनी, गडद हिरव्या, मधून तापी. आपण रोज ज्याच्यात उभे असतो ते वरून इतकं आखीव असेल असं वाटत नाही. थोड्याच वेळात हिरवं संपलं आणि खाली सगळं तपकिरी झालं. मग ढग. मग उतरायची सूचना. खरंच सव्वा तास. फोन फार खोटं बोलला नव्हता; त्याने फक्त मधलाच भाग सांगितला होता.

हैदराबाद

विमानतळावरून अश्विनीच्या खोलीवर पोचायला जवळजवळ विमानाइतकाच वेळ लागला. गाड्याच गाड्या, आणि त्यांच्यामधून दगडांचे ढीग. मोठमोठे गोटे कोणीतरी एकमेकांवर रचून ठेवावेत तसे डोंगर. अश्विनी म्हणाली, हे आपोआपच असे आहेत. पिशवी बघून तिने कपाळाला हात लावला.

"आबांनी सच में दिली? मम्मी, तू पण ना! फोनवर सांगायचं होतं, पोचली म्हणून."

"खोटं?"

"झूठ नाही गं. थोडंसं."

"हात लावू नको," मी सांगितलं. "त्यांच्या घरी उघडायची आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला काचीगुड्याला निखिलच्या घरी गेलो. निखिलचे वडील रेल्वेतून निवृत्त. आई शैलाताई, माझ्याच वयाच्या असतील, उंच, हातात सतत काहीतरी काम. दारातच म्हणाल्या, "या की, या. कायकू इतका उशीर केला वं अश्विनी?" ऐकून मला घरी आल्यासारखं झालं. आमच्या मराठीत बऱ्हाणपूरची हिंदी शिरलेली, त्यांच्या मराठीत हैदराबादची. पुण्याच्या माणसाने दोघींनाही सुधारलं असतं. आम्हाला एकमेकींचं सगळं समजत होतं. निदान तेव्हा तसं वाटलं.

दराबा दिला. मग पिशवी उघडली. उघडताना तोंड दुसरीकडे करावंसं वाटलं. साडी ओली झाली होती. केळी देठापासून सुटून मोकळी पडली होती, साल काळी, दोन ठिकाणी फुटलेली. माणसाने हातात धरून सोलावं असं त्यात एकही नव्हतं. बाजारात हा माल कोणी दाखवला असता तर आमच्याकडे डागी म्हणून बाजूला ढकलला असता, वर दोन शब्द ऐकवले असते. सासऱ्यांनी परीक्षा घ्यायला पाठवली होती, हे कसं सांगणार?

शैलाताईंनी वाकून वास घेतला.

"झाडावरची दिसतात," त्या म्हणाल्या. "शिकरण करू की. दूध आहेच तापवलेलं."

एवढंच. तोंड वाकडं नाही, अरेरे नाही. साली ओढून काढल्या, पातेल्यात केळी कुस्करली, दूध ओतलं. साखरेचा डबा उघडला, चमच्याने आधी थोडं चाखलं, आणि डबा तसाच बंद करून फळीवर ठेवला.

"गोड आहेत," त्या म्हणाल्या. "साखर नक्को."

जेवण चांगलं होतं. भात आमच्या दुप्पट आणि पोळी आमच्या निम्मी. अंबाडी होती. अंबाडीची भाजी आम्ही ज्वारीच्या कण्या घालून करतो, वरून लसणाची फोडणी. इथे तीच अंबाडी लाल मिरचीबरोबर कुटून चटणीसारखी पानाच्या कडेला. डोळ्यांत पाणी आलं. निखिल न बोलता दह्याची वाटी माझ्याकडे सरकवत होता. मी मनात एकेक खूण करत होते. घर बरोबर, माणसं बरोबर, मुलगा बरोबर. आणि शिकरण वाडग्यात, म्हणजे केळी खाण्याजोगी पोचली असं मला म्हणता येईल का, हाही विचार चालू होता.

तेवढ्यात शैलाताई वाढता वाढता म्हणाल्या, "निखिल तर जाणारच होता की. परसोंच कॅनडाचा व्हिसा आला त्याचा. सगळ्या बिल्डिंगला मिठाई वाटली आम्ही."

घास तोंडातच राहिला. परसों. म्हणजे परवा. म्हणजे मी तिकडे ज्वारी निवडत बसले होते, त्या दिवशी.

मी अश्विनीकडे पाहिलं. ती आरामात भात कालवत होती. म्हणजे हिला ठाऊक होतं. मी मांडीवर केळी घेऊन सबंध दिवस जळगावात बसले, आबांना हैदराबाद जवळ आहे हे पटवायला निघाले, आणि हे लोक मुलीला कॅनडाला न्यायच्या तयारीत. केळ्यांची परीक्षा कसली, आमचीच फजिती. आबांपुढे उभं राहून मी काय सांगणार होते? एक तासाचं म्हणाले, ते समुद्रापलीकडचं निघालं?

दुसऱ्यांच्या घरी ताटावर बसून भांडायची आमच्यात पद्धत नाही. शिकरण संपवलं. त्याची चव आता आठवत नाही. हात धुवायला उठले, तर निखिल नळाशी टॉवेल घेऊन उभा होता.

"इथून कॅनडाचं विमान किती वेळाचं असतं?" मी विचारलं.

"डायरेक्ट नाही, काकू. मधे बदलावं लागतं. सगळं मिळून एक पूर्ण दिवस पकडा."

"आणि तिथे थंडी?"

"खूप. नाकातले केससुद्धा गोठतात." तो हसत होता. मला आणखी राग आला.

"मग तुम्ही कधी निघणार?"

"कुठे?"

"कॅनडाला. परसों व्हिसा आला म्हणे."

त्याने टॉवेल तोंडावर धरला आणि त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं ठसका लागला. त्याने आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अम्मा! तुझ्या परसोंपायी आज माझं लग्न मोडत होतं!"

सगळे बाहेर आले. निखिलने समजावून सांगितलं. हैदराबादेत परसों म्हणजे मागे केव्हातरी. गेला आठवडाही परसों, गेली दिवाळीही परसों. त्याचा व्हिसा आला होता तो कॉलेज संपल्यावर. गेलाही होता. दोन हिवाळे काढले, वैतागला, परत आला. आता त्याच्या व्हिसाची मुदतही संपली होती.

"अहो, माझं लग्न परसोंच झालं," त्याचे वडील म्हणाले. "बघा, पोरगा तीस वर्षांचा."

"तुम्ही गप बसा," शैलाताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही शिकरण संपवेपर्यंत काही बोलला नाहीत?"

"ताटावर कसं बोलणार?"

"चांगलीच परीक्षा घेतली की बाई तुम्ही आमची." त्यांना हसू आवरेना. मलाही आवरेना. अश्विनी तेवढी रागावून म्हणाली, "मम्मी, मला विचारायचं ना! मेरे को सब पता था."

हसून झाल्यावर मी सगळं सांगून टाकलं. आबांची फणी, खाण्याजोगं पोचण्याची अट, दिल्लीचा माल आणि कच्ची लेक. वाटलं होतं, त्यांना अपमान वाटेल. निखिलच्या वडिलांनी मात्र गंभीरपणे ऐकून घेतलं. कच्च्या लेकीची गोष्ट त्यांनी मला पुन्हा एकदा सांगायला लावली. मग विचारलं, "परतीचं विमान कधी?"

"उद्या दुपारी."

"मग आमचाही माल जाईल. उद्या सकाळी देतो."

दुसऱ्या दिवशी निघायच्या वेळी ते अश्विनीच्या खोलीवर आले. हातात ओल्या केळीच्या पानाची घट्ट पुडी, दोऱ्याने बांधलेली. आत मोगरा होता, वेणीसारखा गुंफलेला गजरा. पण फुलं नव्हती, नुसत्या मिटलेल्या हिरवट कळ्या.

"आबांना द्या," ते म्हणाले. "सांगा, लांबचा माल आहे म्हणून कोवळा तोडलाय. वाटेत उघडू नका."

बुधवारा

परतीचं विमान वेळेवर निघालं. यावर दोन ओळी लिहिण्यासारखं काहीच नाही, आणि त्याचंच मला बरं वाटलं. जळगावात रफिकभाई उभे होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "केले?"

"पहुँचे."

"अल्ला का शुक्र," म्हणाले आणि या वेळी गाडी नेहमीच्या वेगाने हाकली. पुडी मांडीवर होती. भुसावळ सोडलं तसा गाडीत वास यायला लागला. आधी मला वाटलं, बाहेरून येतोय.

दिवेलागणीला घरी पोचले. आबा आधीच येऊन बसले होते. दापोऱ्याहून दुपारीच आले होते, हे ह्यांनी डोळ्यांनी खुणावून सांगितलं. मी चपला काढल्या, पाणी प्यायले. आधी ज्वारी बघितली. पाणी बदललेलं होतं. मग आबांसमोर बसले.

"पोचली केळी?" त्यांनी विचारलं.

वाटेत मी ठरवलं होतं की खरं तेच सांगायचं. "हातात धरून खाण्याजोगी नव्हती पोचली. काळी पडली होती, सुटली होती. दोन विमानातच चेंगरली."

ह्यांनी मान खाली घातली.

"मुलाच्या आईने बघितली आणि शिकरण केलं. सगळ्यांनी खाल्लं. उरलं नाही."

"तू सांगितलं होतं का, शिकरण करा म्हणून?"

"मी तोंडच उघडलं नाही."

आबा पुढे सरकून बसले. मग म्हणाले, "साखर किती घातली?"

"घातलीच नाही. चाखून बघितलं आणि डबा परत फळीवर ठेवला. म्हणाल्या, केळी गोड आहेत."

आबांनी नुसतं हं केलं. मी पुडी पुढे ठेवली. "हा त्यांचा माल, तुमच्यासाठी. लांबचा आहे म्हणून कोवळा तोडलाय, असं सांगायला सांगितलं आहे."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना निरोप बरोबर कळला होता. दोरा सोडायला त्यांनी दात लावले. पान उलगडलं. सकाळच्या हिरवट कळ्या एकूण एक उमलल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र. ओसरी वासाने भरून गेली.

बराच वेळ त्यांनी गजरा तळहातावर धरून ठेवला. मग लग्नघरात पाहुण्यांना देतात तेव्हा पुरुष बांधतात तसा तो डाव्या मनगटाला दोनदा गुंडाळला आणि हात ह्यांच्यापुढे केला.

"गाठ मार," ते म्हणाले. "अन् मांडवाला केळीचे खांब आपल्या वावरातले लागतीन. बाजारचे आणू नको."

ह्यांनी गाठ मारली. मी आत जाऊन अश्विनीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून ज्वारी वाटायला काढली. तीन दिवस बरोबर झाले होते, वास आलेला नव्हता. पीठ शिजत ठेवलं आणि मग हिशेब केला की एवढ्या बिबड्या घरापुरत्याच होतील; रुखवतात ठेवायला आणि हैदराबादला पाठवायला वेगळ्या लागतील. म्हणून मोठं पातेलं काढलं आणि आणखी ज्वारी भिजत घातली.